ताईला विचारा : पिशवी काढून टाकली की कॅन्सरची भीती संपते का?

मागच्या अंकात अंडाशयाच्या कॅन्सरवर थोडंसं लिहिलं होतं, कोणत्या बायकांना धोका जरा जास्त असतो आणि कोणत्यांना कमी एवढंच, आणि त्यावर इतकी पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका, की या महिन्यात दुसरा विषय घेतच नाही. पत्रं वाचताना एक गोष्ट फार लागली मनाला. बहुतेक बायकांचा प्रश्न फिरून फिरून तोच, "मी असं केलं म्हणून मला होईल का?" मूल झालं नाही म्हणून, गोळ्या खाल्ल्या म्हणून, ऑपरेशन केलं म्हणून. आणि ज्याची खरंच काळजी करायला पाहिजे, महिना महिना फुगलेलं पोट आणि घराण्यातले कॅन्सर, त्याबद्दल लिहिणारे फारच थोडे. नावं छापत नाही, पत्रांची भाषा मात्र जशी आली तशीच ठेवली आहे.

"ताई नमस्कार. माहं वय ३४ हाये. दोन लेकरं हायेत, ऑपरेशन झालेलं हाये. सालभरापासून अंगावरून पांढरं जाते अन कंबर लय दुखते. तालुक्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, म्हणे पिशवीले सूज हाये, पुढं चालून कॅन्सर होईल, पिशवी अन दोन्ही अंडाशयं काढून टाका, लेकरं झाली आता तिचं काय काम. नवरा म्हणते कापूस विकला की पैसे भरू. काढू का?"
— एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

ताई, कापूस विकून आलेले पैसे सध्या घरातच राहू द्या. तुम्ही जे लिहिलं त्यात ऑपरेशन करण्यासारखं मला काहीच दिसत नाही.

पांढरं जाणं म्हणजे बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं, तपासून गोळ्या दिल्या की बरं होतं, आणि काही पांढरं जाणं तर अगदी नैसर्गिक असतं. कंबर दुखते त्याचं कारण पिशवी कमी आणि वाकून निंदण, वेचणी, डोक्यावरचं पाणी, अंगातलं कमी रक्त हेच जास्त असतं. आणि ती "पिशवीला सूज". सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'बल्की युटेरस' असे दोन शब्द असतील बघा. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसतेच, तो आजार नाही आणि कॅन्सरची पहिली पायरी तर नाहीच नाही. या दोन शब्दांवर आपल्याकडे किती बायकांच्या पिशव्या गेल्या असतील याचा विचार केला की जीव तुटतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं हे तिकडचं आहे. आपल्या गावात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका मोजून बघा, मग कळेल.

आता कॅन्सरचं. तीन जागा वेगवेगळ्या धरा: पिशवीचं तोंड, पिशवी स्वतः, आणि बाजूची दोन अंडाशयं. तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी आहे, सोपी आहे, वयाच्या तिशीनंतर सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती तुम्ही नक्की करून घ्या, पांढरं जात असताना तर आधी करा. अंडाशयाच्या कॅन्सरचा आणि पांढरं जाण्याचा काही संबंध नाही. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली तर अंडाशयाचा कॅन्सर टळला असं होत नाही.

मग अंडाशयंच काढली तर? हो, धोका जवळजवळ जातो, पण ३४ व्या वर्षी त्याची किंमत काय ते कोणी सांगत नाही. पाळी एका दिवसात कायमची बंद, अंगातून वाफा, झोप नाही, हाडं बरीच वर्षं आधीच ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. ज्या कॅन्सरची शक्यता सर्वसाधारण बाईत आयुष्यभरात शंभरात एकीच्या आसपास आहे, आणि आपल्या देशात युरोप-अमेरिकेपेक्षाही कमी, त्याच्यासाठी शंभरच्या शंभर जणींची हाडं आणि हृदय पणाला लावायचं? अंडाशयं काढण्याचा सल्ला ज्यांना खरंच लागतो त्या बायका वेगळ्या, त्यांच्याबद्दल शेवटच्या पत्रात लिहिते आहे.

तुम्ही एक करा. रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात, आणि सरळ विचारा, "काढलं नाही तर काय होईल?" खरंच गरज असेल तर ते नीट समजावून सांगतील. "कॅन्सर होईल" एवढंच उत्तर मिळालं तर तिथून निघा.

"ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली, मला मूलबाळ नाही. अमरावतीला ट्रीटमेंट झाली, इंजेक्शनं झाली, काही उपयोग नाही झाला. तुमचा लेख जाऊबाईनं वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, बिनलेकराच्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर होते असं लिहिलं आहे. तेव्हापासून जेवण जात नाही."
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

ताई, आधी जेवा. मग वाचा.

मी लिहिलं होतं ते खरं आहे पण जाऊबाईंनी वाचलं ते अर्धं. एकदा तरी बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये हा कॅन्सर साधारण तिसऱ्या भागाने कमी दिसतो, पुढच्या प्रत्येक बाळंतपणानं आणखी थोडा कमी. याचा अर्थ मूल नसलेल्या बाईला "होतो" असा नाही. मूल नसलेल्या शंभर बायका घेतल्या तर त्यातल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणींना तो आयुष्यात कधीच होत नाही. हा आकडा जाऊबाईंनाही वाचून दाखवा, सगळ्यांसमोरच.

कारण काय ते सांगते म्हणजे मनातून दोष जाईल. दर महिन्याला अंडाशयातून बीज फुटून बाहेर येतं, तिथं बारीकशी जखम होते आणि भरून येते. इजिप्तचे डॉक्टर महमूद फतल्ला यांनी १९७१ मध्ये मांडलं की ही फुटण्या-भरण्याची क्रिया वर्षानुवर्षं न थांबता चालली तर पेशींच्या वाढीत चूक होण्याची संधी वाढत जाते. पोटात बाळ असताना बीज फुटत नाही, अंगावर पाजताना बरेच महिने फुटत नाही, गोळ्या चालू असताना फुटत नाही, म्हणून या सगळ्यांत धोका कमी. पाळी लवकर सुरू झाली आणि उशिरा गेली तर थोडा जास्त. पुढे असंही कळलं की सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात घातक प्रकार बऱ्याचदा अंडाशयात नाही तर गर्भनलिकेच्या टोकाला सुरू होतो, म्हणजे एकाच कारणानं सगळं समजत नाही, पण बाळंतपणाचा हिशोब अजून तसाच उभा आहे. तुमच्या वागण्याचा, नशिबाचा, कोणाच्या शिव्याशापाचा यात काही भाग नाही.

इंजेक्शनांचं म्हणाल तर, मुलासाठी उपचार घेतलेल्या बायकांच्या मोठमोठ्या पाहण्या झाल्या आहेत, त्यात जो थोडा जास्त धोका दिसला तो इंजेक्शनांनीच आला असं सिद्ध झालेलं नाही, तो मूळ अडचणीशी जास्त जोडलेला दिसतो, खास करून एंडोमेट्रिओसिस असेल तर. तुमच्या ट्रीटमेंटच्या कागदांत हा शब्द आहे का बघा. पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, पिशवीच्या आतल्या थरासारखा थर बाहेर अंडाशयावर बसणं, तो हा आजार. तो असेल तर वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवत राहा. नसेल तर वेगळं काहीच करायचं नाही.

"मी आशा कार्यकर्ती आहे. गृहभेटीत सासवा म्हणतात गोळ्या खाऊन कॅन्सर होते, सुनेला देऊ नका. तुम्ही लिहिलं गोळ्यांनी धोका कमी होतो. मग बायकांना नक्की काय सांगू? माला-एन, छाया, तांबी, ऑपरेशन, सगळ्यांचं एकदा सांगाल का, आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवीन."
— एक आशाताई, जि. गडचिरोली

आशाताई, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण तुम्हाला सांगितलं म्हणजे पन्नास घरांत पोहोचलं.

माला-एन, माला-डी या रोजच्या गोळ्यांत दोन हार्मोन असतात, त्या बीज फुटू देत नाहीत. २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २१ देशांतल्या ४५ अभ्यासांची एकत्र बेरीज छापून आली, अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या २३ हजारांवर बायका त्यात होत्या. दर पाच वर्षांच्या वापरामागे धोका साधारण पाचव्या भागाने कमी, पंधरा वर्षं घेतल्या तर निम्मा, आणि गोळ्या सोडल्यावर तीस वर्षांनीही फायदा थोडा टिकून राहतो. सासूबाईंना दुसरा आकडा सांगा: त्या पाहणीतल्या श्रीमंत देशांत गोळ्या कधीच न घेतलेल्या हजार बायकांत पंचाहत्तरीपर्यंत बारा जणींना हा कॅन्सर, दहा वर्षं घेतलेल्या हजारांत आठ जणींना. म्हणजे बारावरून आठ.

पण सासूबाईंचं म्हणणं पूर्ण चूक आहे असंही म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या ऐकणार नाहीत. गोळ्या चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, पाच वर्षांपेक्षा जास्त घेतल्या तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचाही, आणि गोळ्या बंद केल्यावर हे वाढलेलं हळूहळू उतरतं. म्हणून कॅन्सर टाळायला कोणी गोळ्या खायच्या नाहीत. पाळणा लांबवायचा आहे, दोन लेकरांत अंतर ठेवायचं आहे, त्यासाठी घ्यायच्या, बाकीचा फायदा वरचा. आणि ज्यांना द्यायच्या नाहीत त्यांना नाहीच द्यायच्या: बीपी असलेली, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, डोळ्यापुढे चमकून डोकं उठणारी, पस्तिशीनंतर विडी ओढणारी, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पिणारं.

छायाची गोळी वेगळी, तिच्यात हार्मोन नाही आणि ती बीज फुटणं थांबवत नाही, म्हणून माला-एनचे हे आकडे छायाला लावू नका. पाळणा लांबवायला ती चांगली आहे, एवढंच सांगा. तांबी बसवल्यानं कॅन्सर होतो हे गावात लय पसरलेलं आहे आणि ते साफ खोटं आहे.

ऑपरेशनचं ऐकून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. नळ्या बांधलेल्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर साधारण पाव भागाने किंवा त्याहून थोडा जास्त कमी दिसतो. आपल्याकडे बहुतेक बायकांचं हे ऑपरेशन तिशीच्या आत झालेलं असतं, म्हणजे आपल्या खेड्यातल्या बाईला लवकर बाळंतपण, एकापेक्षा जास्त लेकरं, वर्ष-दोन वर्षं अंगावर पाजणं आणि नळ्या बांधणं, असं सगळं मिळून या एका कॅन्सरपासून बरंच संरक्षण आपोआप मिळालेलं असतं. पण हे वाचून कोणी असं नका धरू की लवकर लग्न आणि लागोपाठ बाळंतपणं चांगली. त्यात रक्त जातं, जीव जातो, आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका उलट वाढतो.

अंगावर पाजण्याचं मात्र मोकळेपणानं सांगा. २०२० च्या एका मोठ्या पाहणीत पाजलेल्या आयांमध्ये हा कॅन्सर जवळपास पाव भागाने कमी दिसला, तीन महिन्यांपेक्षा कमी पाजलं तरी काही फायदा होताच, वर्षभर पाजलं तर जास्त. बाळाला फायदा आहेच, आईला पण आहे, हे सुनेलाही सांगा आणि तिला कामावर लवकर पाठवणाऱ्या घरालाही.

आता काही छोटे प्रश्न, एका दमात.

अकोटच्या एका ताईंनी विचारलं, जवस, अंबाडी, कच्ची हळद, काय खाल्लं तर होणार नाही? ताई, असं एकही अन्न नाही. जवसाची चटणी भाकरीसोबत आवडते म्हणून खा, चांगलीच आहे. वजनाचं मात्र आहे, लठ्ठपणा असेल तर धोका थोडा वाढतो. गावात हल्ली शेतातलं काम सुटलेल्या, मोटरसायकलवर फिरणाऱ्या आणि टीव्हीसमोर बसणाऱ्या बायकांची वजनं पन्नाशीत फार वाढताना दिसतात, आणि त्याचा जास्त मोठा धोका पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा आहे, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी दाखवा.

चंद्रपूरच्या ताई खर्र्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल विचारतात. खर्रा तोंड, घसा, अन्ननलिका खातो, हे आपण डोळ्यांनी बघतो आहोत. अंडाशयाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, सिगारेट-विडीचा एका प्रकाराशी, म्युसिनस म्हणतात त्याच्याशी, आहे. पण खर्रा सोडायला तोंडाचं एक कारण पुरेसं आहे ताई, अंडाशयाच्या कारणाची वाट नका बघू. आणि पोटात बाळ असताना तर बिलकुल नको.

पावडर. लहानपणापासून अंगाला लावतात ती टाल्कम पावडर जांघेत, खाली लावायची का? २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं टाल्कला "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं. पुरावा अजून पक्का म्हणता येणार नाही, पण खाली पावडर लावून मिळतं तरी काय? बंद करा. तोंडा-मानेला लावलेल्याची चिंता नको. ॲस्बेस्टॉसचं मात्र पक्कं आहे, ते अंडाशयाच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, म्हणून घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे फोडायचे, कापायचे काम असेल तर तोंड बांधा, पाणी मारून ओले करा, आणि बायका-लेकरांकडून तो चुरा झाडून घेऊ नका.

भंडाऱ्याच्या निवृत्त शिक्षिका बाई, तुमच्या वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या आहेत आणि तुम्ही घाबरला आहात. पन्नाशीपासून पाच वर्षं घेतल्या तर हजार बायकांमागे अंडाशयाचा कॅन्सर एकीला जास्त, असा २०१५ चा हिशोब आहे. रात्र रात्र झोप नसेल तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असं घेणं चुकीचं नाही. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी ते सांगा.

"ताई, मी २२ वर्षांची आहे, हिंगणघाटची, पुण्यात शिकते. पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर उजव्या ओव्हरीत साडेतीन सेंमीची सिस्ट आली. रूममेट म्हणाली सीए-१२५ करून घे. केली तर ती पण थोडी वाढलेली. नेटवर वाचून वेड लागायची पाळी आली आहे. आईला अजून सांगितलं नाही. ऑपरेशन करावं लागेल का? आणि दर वर्षी ही टेस्ट करायची का?"

बाळा, रिपोर्टवर 'सिंपल सिस्ट' लिहिलं आहे ना, म्हणजे आत नुसतं पाणी, तर शांत हो. पाळी चालू असलेल्या मुलीच्या अंडाशयात अशी पाण्याची गाठ येते आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते, पाच सेंमीच्या आतल्या साध्या गाठीला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. गाठ वाढत गेली, आत घट्ट भाग दिसला, किंवा अचानक पोटात कळ येऊन उलट्या झाल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखाना, कारण अंडाशयाला पीळ बसू शकतो.

आणि सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी. ही टेस्ट तुझ्या वयात करायलाच नको होती, आणि ती सुचवणाऱ्या रूममेटपेक्षा, न विचारता रक्त काढणाऱ्या लॅबचा मला जास्त राग येतो. ती पाळीच्या दिवसांत वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते, आपल्या देशात तर पोटाच्या टीबीमध्ये पण खूप वाढते, आणि खरा कॅन्सर सुरुवातीचा असेल तर कित्येकदा वाढतच नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशी पुढच्या दोन लाखांवर बायका घेऊन वर्षानुवर्षं बघितलं, काही जणींना दर वर्षी ही टेस्ट, काहींना सोनोग्राफी, काहींना काहीच नाही. २०२१ ला निकाल लागला, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कुठलंही सरकार सगळ्या बायकांना दर वर्षी ही टेस्ट करा म्हणत नाही. "लेडीज कॅन्सर पॅकेज" म्हणून शिबिरात जे विकतात त्यातली ही टेस्ट ठणठणीत बाईनं पैसे देऊन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन महिन्यांनी पाळी संपल्यावर एक सोनोग्राफी कर. आणि आईला आज फोन कर, एकटीनं हे पोटात ठेवू नकोस.

"डॉक्टर ताई, आईचं वय ५८ आहे. दिवाळीपासून पोट फुगते म्हणते, दोन घास खाल्ले की भरलं म्हणते. गावच्या डॉक्टरकडे तीन महिने गॅसच्या गोळ्या, लिव्हरचं औषध, सलाईन झालं. आता पोटात पाणी झालं म्हणतात अन सोनोग्राफीत डाव्या बाजूला गाठ आली आहे. मामाच्या घरी आजी स्तनाच्या कॅन्सरनं वारली होती. कुठं नेऊ? बहिणीला पण भीती वाटते आहे, तिला काही होईल का?"
— एक मुलगा, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

दादा, हे पत्र हाती पडल्या पडल्या तुम्हाला फोन केला होता, तेव्हा आई दवाखान्यात पोहोचली असेल अशी आशा आहे. इथं छापते ते बाकीच्या घरांसाठी, म्हणजे आणखी एखादी आई तीन महिने गॅसच्या गोळ्यांवर राहू नये.

या कॅन्सरची लक्षणं अगदी साधी असतात, पोट फुगणं, थोडं खाल्लं की भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वरचेवर जावं लागणं. हे सगळ्यांनाच कधीतरी होतं. फरक असा की हे नवीन असतं, जवळजवळ रोज असतं आणि जात नाही. आमच्या ओपीडीत बाई पोटाचं सांगत नाही, ती सांगते "परकराची नाडी पुरत नाही, ब्लाउज तर ढिला झाला". हातपाय, खांदे वाळलेले आणि पोट तेवढं पुढं, नाडीचा वळ कमरेवर खोल उमटलेला. पन्नाशीपुढच्या बाईनं असं सांगितलं की आधी सोनोग्राफी, गॅसची गोळी नंतर. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच "गॅस" झाला म्हणणाऱ्या प्रत्येक बाईचं पोट हातानं तपासून बघायला पाहिजे, हे मी माझ्या गावोगावच्या डॉक्टर बंधूंनाही हात जोडून सांगते. भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेक जणी पोटभर पसरल्यावरच येतात.

आईला गाठीच्या साध्या ऑपरेशनसाठी जवळच्या दवाखान्यात पोट उघडू देऊ नका, आणि गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. बायकांच्या कॅन्सरचं ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे असतात, पहिलंच ऑपरेशन त्यांच्या हातून झालं तर निकालात फार फरक पडतो. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, ॲडमिट करण्याआधी त्यांना भेटा. पोटात पाणी आहे म्हणजे सगळं संपलं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, टीबीनं पण असंच पाणी आणि अशीच गाठ दिसते, आणि कॅन्सर निघाला तरी ऑपरेशन आणि केमोनं चांगली वर्षं मिळतात.

आता बहिणीचं, आणि यवतमाळच्या ताईंना सांगितलं होतं त्या वेगळ्या बायकांचं. वय सोडलं तर या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण बाळंतपण नाही, गोळी नाही, पावडर नाही, रक्तातून आलेला दोष आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ अशी दोन जनुकं आहेत. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात शंभरात एक असा जो धोका, तो पहिल्या जनुकात बिघाड असेल तर शंभरात चाळीसच्या आसपास जातो, दुसऱ्यात पंधरा-वीस. हाच बिघाड स्तनाचा कॅन्सरही देतो, म्हणून आजीचं तुम्ही लिहिलं ते फार बरं केलं. आईचं निदान कॅन्सरचं आलं तर आधी आईचीच ही रक्ततपासणी करायला सांगा, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण द्या. आईत बिघाड सापडला तर मग बहिणीची, मामेबहिणींची आणि तुमचीही तपासणी करायची, कारण पुरुषातून तो पुढे लेकीकडे जातो. आईत नाही सापडला तर बहिणीची काळजी बरीच कमी होते.

बहिणीत सापडलाच, तर तिच्यासाठी अंडाशयं आणि नळ्या काढण्याचा सल्ला योग्य ठरतो, पण तोही आज नाही, मुलं झाल्यावर, पहिल्या जनुकासाठी साधारण ३५ ते ४० आणि दुसऱ्यासाठी ४० ते ४५ च्या दरम्यान, आणि तोपर्यंत काय करायचं ते त्याच डॉक्टरांसोबत ठरवायचं.

जायच्या आधी एक कागद करा दादा. आईच्या माहेरची माणसं, आजी, मावश्या, मामा, मामांच्या मुली, कोणाला कुठला कॅन्सर, साधारण कितव्या वर्षी. मोठ्या आतड्याचा आणि पिशवीचा कॅन्सरही लिहा, घराण्यातून येणारा एक वेगळा दोष त्यातून कळतो. गावात "पोटाच्या गाठीनं गेली" एवढंच म्हणतात, तर मामांना फोन करून विचारा कुठली गाठ, जुने कागद पत्र्याच्या पेटीत असतील तर फोटो मागवा. बहिणीसाठी तुमच्या वडिलांकडचंही असंच लिहा, आत्या आणि त्यांच्या मुली धरून, कारण ही जनुकं बापाकडूनही तेवढीच येतात आणि नेमकं तिकडचं विचारायचं सगळ्यांचं राहून जातं.